पिंपळामार्गे मंगळ

माणसाने आधी समुद्र ओलांडले, मग शिखरं पालथी घातली, मग चंद्रावर पाऊल ठेवलं, आणि आता तो परक्या ग्रहाच्या तांबड्या मातीत आपलं चाक रोवायला निघाला आहे. संस्कृतीच्या इतिहासात असे क्षण थोडेच. त्यातलाच एक क्षण गेल्या ऑक्टोबरात दिल्लीच्या द्वारका उपनगरातल्या एका सोसायटीच्या गेटवर चांगला पाऊण तास अडकून पडला, कारण गार्डच्या मोबाइलमधल्या ॲपात 'रोव्हर' असा पर्याय नव्हता.

"गेस्ट, डिलिव्हरी, कॅब, घरकाम," गार्डने वाचून दाखवलं. "इनमें से बताइए, अंकल."

दिनकर मालशे यांनी पायाशी उभ्या असलेल्या यंत्राकडे पाहिलं. टीपॉयएवढं धड, सहा चाकं, आणि वर बगळ्यासारखी मान काढून त्यावर दोन कॅमेऱ्यांचे डोळे. त्यांचा मुलगा विक्रांत ते गाडीतून उतरवून गाडी लावायला गेला होता, आणि जाताना 'बाबा, एक मिनिट बघा याच्याकडे' म्हणाला होता. दिनकरराव तेव्हापासून बघत होते.

"ये मंगल ग्रह पर जाने वाली गाड़ी है," ते म्हणाले.

"वो ठीक है. अभी कहाँ जाएगी?"

"बी विंग, चौथा माला."

"तो गेस्ट डाल दूँ? पर गेस्ट का फोन नंबर लगेगा."

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात अवर सचिव म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला एक गोष्ट कळते: आपला रकाना नसेल तर माणसाने आहे त्या रकान्यात बसावं, रकाना माणसाजवळ येण्याची वाट बघू नये. दिनकररावांनी घरकाम निवडलं. गार्डने रोव्हरचा समोरून एक आणि बाजूने एक फोटो काढला, महिन्याचा पास दिला आणि सांगितलं, "पुलिस वेरिफिकेशन बाद में करा लेना."

अशा रीतीने तो घरात आला.

त्याच्या येण्याचं कारण विक्रांतने त्या संध्याकाळी जेवताना समजावून सांगितलं. नोएडातली त्याची कंपनी परग्रहावर चालणारे रोव्हर बनवत होती, म्हणजे बनवू पाहत होती. मोठ्या रोव्हरला वाट काढायची अक्कल लागते. दगड आला तर डावीकडून जायचं की उजवीकडून, खड्डा दिसला तर उतरायचं की वळसा घालायचा, हे तिथे कोणी कानात सांगायला नसतं. निरोप पोहोचायलाच कितीतरी मिनिटं लागतात. म्हणून हा छोटा रोव्हर एखाद्या माणसाच्या हाती द्यायचा, त्या माणसाने तो रिमोटने खडबडीत जमिनीवर रोज फिरवायचा, आणि त्या माणसाच्या वागण्यावरून रोव्हर शिकणार. मग तेच शिक्षण मोठ्याच्या डोक्यात भरायचं.

"कंपनीत कोणी नाही का फिरवायला?" प्रभाताईंनी विचारलं.

"आहेत ना. पण ती पोरं पार्किंगमध्ये रेस लावतात, यार. तो नुसता वेगात जायला शिकला. मला सावकाश माणूस हवाय. शंभरदा विचार करून पाऊल टाकणारा."

टेबलावरच्या सगळ्यांनी दिनकररावांकडे पाहिलं. त्यांनी आमटीत बुडवलेली पोळी परत वर काढली होती, आणि ती खावी की नाही याचा विचार चालला होता.

खरं म्हणजे त्यांना कामाची गरज होती. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये उभं आयुष्य गेलं, तिथे शेजारी तमिळ, वर बंगाली, खाली उडिया, आणि सगळ्यांची सकाळ एकाच चार्टर्ड बसने निघायची. निवृत्तीनंतर मुलाच्या द्वारकेतल्या फ्लॅटमध्ये आल्यापासून ती बस कोणत्याच सकाळी आली नाही. दिनकरराव बाल्कनीत जात, परत येत, पेपर उघडत, घडी करत, पुन्हा बाल्कनीत जात. विमानतळ जवळ असल्यामुळे डोक्यावरून विमानं जायची. पूर्वी ते त्यांच्याकडे बघतही नसत. दसऱ्यापासून मात्र प्रत्येक विमानाची मान वर करून चौकशी करायला लागले होते.

कारण बंगलोर. नोएडाचा रोव्हर विभाग डिसेंबरातल्या चाचणीवर टेकलेला होता. देशभरातल्या तीन कंपन्यांचे रोव्हर एका समितीसमोर चालणार, दोन पुढे जाणार, एक घरी. आपला घरी गेला, तर विभाग बंद, आणि विक्रांतने बंगलोरच्या मुख्य ऑफिसात जायचं, असं वरून ठरलं होतं. पगार जास्त, फ्लॅट मोठा, हवा चांगली. तिन्ही गोष्टींविरुद्ध काही बोलता येण्यासारखं नव्हतं, हेच वाईट होतं. सूनबाई शिवांगीच्या फोनवर तिथल्या शाळांची पानं उघडी असायची. नात रेवतीने एकदा सरळ विचारलं, "आजोबा, रोव्हरपण बंगलोर जाणार का? की तो तुमच्याजवळ रुकणार?"

"बघू," दिनकरराव म्हणाले. मंत्रालयात या शब्दावर त्यांनी कित्येक प्रकरणं वर्षानुवर्षं जिवंत ठेवली होती. या वेळी तो शब्द त्यांना स्वतःलाच पुरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिमोट गळ्यात अडकवून ते निघाले, तेव्हा प्रभाताईंनी दार अर्धवट लोटून हळूच सांगितलं, "मागच्या प्लॉटवर जाताय ना? तिथे पिंपळाखाली मारुती आहे. रोज पाच प्रदक्षिणा घाला."

"मी?"

"माझे गुडघे चालत असते तर तुम्हाला सांगितलं असतं का? माझ्या नावाने घाला. विक्रांतने इथेच राहावं म्हणून. आणि त्याला बोलू नका, तो हसेल."

देव आहे की नाही, ही फाइल दिनकररावांनी कधी मंजूर केली नव्हती आणि कधी बंदही केली नव्हती. ती त्यांच्या टेबलावर विचाराधीन होती. पण चाळीस वर्षांच्या संसारात त्यांना दुसऱ्याच्या वतीने सही करायची सवय होती. ते गेले.

सोसायटीमागचा तो प्लॉट सरकारी मालकीचा, म्हणजे कोणाचाच नव्हता. कोणीतरी तिथे राडारोडा टाकला होता, कोणीतरी पाइपासाठी खणून तसंच सोडलं होतं, कोणीतरी त्या खणलेल्यात पुन्हा राडारोडा टाकला होता. सकाळच्या धुरकट, पिवळट उजेडात तोंडाला मास्क लावून फिरताना दिनकररावांना वाटे, विक्रांतने परग्रहाची तालीम इथे ठेवली यात काही चुकलं नाही. श्वास घ्यायची अडचण तरी दोन्हीकडे सारखीच.

प्लॉटच्या कोपऱ्यात पिंपळ होता आणि पिंपळाखाली उभा, अंगभर शेंदूर चढवलेला दगड. दिल्लीवाले त्याला बजरंगबली म्हणत. दिनकरराव रोव्हरला खड्ड्याखळग्यांतून शहाणपणाने फिरवून आणत आणि शेवटी पिंपळापाशी पोहोचत. मग अडचण यायची. रोव्हर बाजूला उभा करावा तर भंगारवाला सायकल थांबवून त्याच्याकडे ज्या प्रेमाने बघायचा, ते बघवत नसे. म्हणून दिनकररावांनी त्यालाही बरोबर घेतलं. पुढे रोव्हर, मागे आपण, दगड उजव्या हाताला, पाच फेऱ्या. शेवटी नमस्कार करायचा तर दोन्ही हात रिमोटमध्ये. मग ते नुसती मान झुकवत, आणि मान झुकवताना अंगठा आपोआप खाली दबे, त्याबरोबर रोव्हरचीही बगळ्यासारखी मान खाली जाई. दोघे सरळ होत आणि घरी येत.

मंगळवारी मात्र पंचाईत. दिल्लीत तो मारुतीचा वार, त्या दिवशी पिंपळाखाली तेल घेऊन आलेल्या लोकांची गर्दी असे. दिनकररावांनी घरी येऊन प्रश्न मांडला. प्रभाताईंनी कणीक मळता मळता निकाल दिला, "गर्दी असली की लांब उभं राहून स्वतःभोवती एक फेरी घ्यायची. तेवढी चालते."

"पाचाच्या जागी एक?"

"गर्दीत चालते."

"याला आधार काय?"

"माझी आजी."

या आधारापुढे अपील नव्हतं. त्यामुळे मंगळवारी ते लांब उभे राहून स्वतःभोवती एक गिरकी घेत, रिमोटचा खुंटा फिरवून रोव्हरलाही एक गिरकी घ्यायला लावत, आणि चालू लागत. प्रसादाची जिलेबी खायला थांबलेली मुलं हे दृश्य मन लावून बघत. कोणी काही विचारलं नाही. दिल्लीत माणूस सकाळी गोल फिरताना दिसला तर लोक समजतात, डॉक्टरने सांगितलं असेल.

नोव्हेंबर सरला. रात्री विक्रांत रोव्हरच्या पोटातली दिवसभराची नोंद लॅपटॉपवर उतरवून घेई, वारानुसार तिची नावं ठेवी आणि म्हणे, "बाबा, क्या बात है. एकदम मॅच्युअर ड्रायव्हिंग. दगडाला इतका मान कोणी देत नाही." दिनकररावांना बोलावंसं वाटे. पण प्रभाताई स्वयंपाकघरातून त्यांच्याकडे बघत असत.

चाचणीचा दिवस उजाडला तेव्हा ते पहाटेपासूनच बूट घालून बसले होते. विक्रांतने त्यांना 'फील्ड टीम' म्हणून नावावर घेतलं होतं, गळ्यात कार्ड होतं. गाडीत त्यांनी तीनदा काच खाली केली आणि तीनदा वर केली.

"बाबा, तुम्हाला काय टेन्शन आहे?" विक्रांत म्हणाला. "गेलं तर माझं जाणार आहे."

दिनकररावांनी काच चौथ्यांदा खाली केली.

नोएडाच्या त्या सेक्टरात मंगळ एका जुन्या टाइल्सच्या गोदामात होता. घरबांधणीसाठी दिल्लीत बदरपूर नावाची जाड तांबूस वाळू मिळते, तिचे ट्रकच्या ट्रक ओतून टेकड्या आणि दऱ्या केल्या होत्या. या टोकाला रोव्हर, त्या टोकाला निशाण. मधे वाट सोडून दगड रोवलेले. रोव्हरने तासाभरात स्वतःच्या अकलेने निशाणापर्यंत जायचं. मधल्या वेळात कंपनीला फक्त एक आज्ञा पाठवता येईल, आणि तीही पाठवल्यावर दहा मिनिटांनी पोहोचेल, कारण खऱ्या मंगळावर निरोप उशिरा जातो.

दिनकररावांनी आत पाऊल टाकलं आणि तिथेच थांबले. झटपट परग्रह उभा करायचा म्हणून आयोजकांनी सगळे दगड गेरूने रंगवले होते. भरपूर गेरूने. मोठमोठे, उभे, तांबडे-केशरी दगड, पहिल्यापासून निशाणापर्यंत.

त्यांनी दगड मोजायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली.

पहिल्या दोन कंपन्यांचे रोव्हर आधी चालले. एक निम्म्या वेळात निशाणाला जाऊन टेकला. दुसरा तितक्याच घाईने निघाला आणि मधल्या उतारावर वाळूत रुतून जागच्या जागी चाकं फिरवत राहिला. म्हणजे पुढे जायचं तर आपल्याला फक्त वेळेत पोहोचायचं होतं. विक्रांतने वडिलांच्या पाठीवर हात ठेवला. "आपला सावकाश जाईल, पण रुतणार नाही. तुम्ही शिकवलंय."

मोठा रोव्हर निघाला. पहिला खड्डा त्याने शहाण्यासारखा टाळला. उतारावर तिरका उतरला. समितीच्या अध्यक्ष डॉ. अहिल्या, पांढऱ्या केसांच्या, शाल पांघरलेल्या बाई, काहीतरी टिपून घेताना दिसल्या. मग रोव्हर पहिल्या तांबड्या दगडापाशी आला. दगड उजव्या हाताला ठेवून तो वळला. वळतच राहिला. पूर्ण गोल फिरून जिथे होता तिथे आला आणि दुसरा फेरा सुरू केला.

"लूपमध्ये अडकला," विक्रांतच्या मागचा कोणीतरी म्हणाला. "सेन्सर गेला."

दिनकररावांना ते खरं नाही हे ठाऊक होतं. त्या चालीतला तो सावकाश, थोडा अवघडलेला डौल त्यांनी रोज सकाळी मागून पाहिला होता. पुढच्या तिसऱ्या फेरीत डावं मागचं चाक किंचित उचललं जाणार, हेही त्यांना माहीत होतं. तिसरा फेरा झाला. चाक उचललं गेलं. ते खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. बोललो तर पोराच्या ऑफिसातल्या सगळ्यांसमोर आपण वेडे. नाही बोललो तर बंगलोर. आयुष्यभर त्यांनी अशा जागी 'चर्चा करावी' असं समासात लिहून फाइल पुढे ढकलली होती. इथे पुढे कोणी नव्हतं.

"विक्रांत."

"बाबा, आत्ता नको."

"आत्ताच. नंतर उपयोग नाही. तो बिघडलेला नाहीये."

"मग?"

"प्रदक्षिणा घालतोय."

विक्रांतने त्यांच्याकडे पाहिलं. आईवडिलांसाठी डॉक्टर शोधायची वेळ आली असं मुलांना पहिल्यांदा वाटतं, तेव्हा ती अशी पाहतात.

"कोणाला?"

"दगडाला. पिंपळाखालच्या मारुतीला रोज घालायचो, हा बरोबर असायचा. त्याला वाटतंय तांबडा उभा दगड म्हणजे घालायचीच."

"तुम्ही? प्रदक्षिणा?"

"तुझ्या आईने सांगितलं."

"आईने रोव्हरला सांगितलं?"

"मला सांगितलं. मी त्याला."

पाचवा फेरा संपला. रोव्हर दगडासमोर थांबला. त्याने आपली मान हळूच खाली झुकवली, क्षणभर तशीच ठेवली, वर केली आणि पुढच्या दगडाकडे निघाला. डॉ. अहिल्यांनी चष्मा काढून पुन्हा घातला.

"ये झुका क्यों?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, कॅलिब्रेशन," विक्रांत म्हणाला.

"अच्छा," बाई म्हणाल्या. "मेरी माँ भी रोज सुबह ऐसे ही कॅलिब्रेट करती थीं."

विक्रांतने समोरच्या मैदानावर नजर टाकली. दगडच दगड. प्रत्येकाला पाच फेऱ्या आणि एक नमस्कार. तासात तो जेमतेम अर्ध्यात पोहोचला असता.

"थांबवायचं कसं त्याला?" तो दबक्या आवाजात म्हणाला.

"प्रदक्षिणा अर्धी टाकून थांबत नाहीत."

"बाबा."

"ऐकून तर घे. मंगळवारी गर्दी असते. गर्दी असली की लांबून, स्वतःभोवती एकच. तेवढी चालते. मंगळवारी मी तशीच घालायचो, आणि त्यालाही घालायला लावायचो."

"एकच?"

"तुझ्या पणजीचा नियम आहे."

विक्रांतने क्षणभर डोळे मिटले. त्याच्या शिक्षणात, नोकरीत, त्याने वाचलेल्या कुठल्याही शोधनिबंधात या क्षणाची तयारी करून घेतलेली नव्हती. पण नोंदी वारानुसार ठेवलेल्या होत्या, त्याने स्वतःच ठेवल्या होत्या. त्याने एकुलती एक आज्ञा टाइप केली: पुढचा सगळा प्रवास फक्त मंगळवारच्या शिकवणीप्रमाणे. आणि पाठवली.

मग ती दहा मिनिटं आली. दिनकररावांनी ती बसून घालवली नाहीत. गोदामाच्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत जात होते, येत होते; वळताना गळ्यातलं कार्ड उलटं व्हायचं, ते सरळ करत होते. रोव्हरने दरम्यान दुसऱ्या दगडाच्या पाचही फेऱ्या मनापासून पूर्ण केल्या, नमस्कार केला, आणि तिसऱ्याकडे वळला. रुतलेल्या रोव्हरच्या कंपनीतली माणसं, जी घरी जायला निघाली होती, ती परत येऊन खुर्च्यांवर बसली. त्यांच्या चेहऱ्यावर आशा दिसायला लागली होती. दुसऱ्याच्या भक्तीमुळे आपला फायदा होणार असेल तर माणूस लगेच धार्मिक होतो.

तिसऱ्या दगडाची पहिली फेरी. दुसरी. दिनकररावांना फोन करून प्रभाताईंना विचारावंसं वाटलं की मधेच नियम बदलला तर चालतं का. त्यांनी फोन खिशातून काढला, ठेवला.

तिसरी फेरी अर्ध्यावर असताना रोव्हर थांबला. निरोप पोहोचला असावा. त्याने मान वळवून दगडाकडे पाहिलं, जरा मागे सरकला, अगदी मंगळवारच्या गर्दीतून सरकावं तसा, आणि जागच्या जागी स्वतःभोवती एक गिरकी घेतली. मग सरळ पुढे निघाला.

पुढच्या दगडापाशी एक गिरकी. त्याच्या पुढच्यापाशी एक गिरकी. वाळूच्या उतारावर, जिथे आधीचा रुतला होता, तिथे तो थबकला, दिनकरराव आमटीतल्या पोळीपुढे थबकत तसा, आणि लांबचा वळसा घेऊन कडेने गेला. उरलेल्या वाटेवर तो एखाद्या लग्नघरी नाचत जाणाऱ्या गंभीर माणसासारखा दिसत होता. वेळ संपायला अगदी थोडा अवकाश असताना तो निशाणाला जाऊन टेकला. निशाण तांबडं होतं. त्याने त्यालाही एक गिरकी घेतली.

समितीने बंद दाराआड तासभर खल केला. बाहेर विक्रांतने दिनकररावांना कोपऱ्यात बसवलं आणि लॅपटॉप पुढे केला. "त्या वागण्याचा लेखी खुलासा मागितलाय. मी काय लिहू? आई?"

दिनकररावांनी चष्मा चढवला. त्यांनी सांगितलं आणि विक्रांतने लिहिलं: सदर यान महत्त्वाच्या खडकांचे सर्व बाजूंनी परिक्रमात्मक निरीक्षण करते, वेळ व परिस्थिती प्रतिकूल असल्यास हेच निरीक्षण जागेवरून संक्षिप्त स्वरूपात पार पाडण्याची तरतूद त्यात आहे. मग त्याचं इंग्रजी केलं. वाचून विक्रांत म्हणाला, "बाबा, यात खोटं काहीच नाहीये."

"सरकारात खोटं लिहीत नाहीत," दिनकरराव म्हणाले. "खरं अशा ठिकाणी ठेवतात की कोणाच्या पायात येत नाही."

निकाल लागला. दोघे पुढे गेले, त्यात दुसरा आपला. अट एकच: पुढच्या फेरीआधी ते फिरणं आणि वाकणं काढून टाकायचं. जाताना डॉ. अहिल्या दिनकररावांपाशी क्षणभर थांबल्या, त्यांच्या गळ्यातलं 'फील्ड टीम' वाचलं आणि नुसती मान झुकवली. दिनकररावांचा अंगठा सवयीने खाली दबला.

विक्रांतने पार्किंगमधूनच वरिष्ठांना फोन केला. बंगलोर आता नको, हे त्याने इतक्या साध्या आवाजात सांगितलं की दिनकररावांना आधी ऐकू आल्याची खात्री वाटेना. शिवांगीचा मेसेज आला. तिने शाळांची पानं बंद केली होती.

परतीच्या वाटेवर, यमुना ओलांडताना, विक्रांतने रेडिओ बंद केला.

"रोज पाच?" त्याने विचारलं.

"रोज. मंगळवार सोडून."

"तुमचा विश्वास आहे त्याच्यावर?"

"नाही म्हणजे, तसा विचाराधीन आहे."

"मग का घालत होतात?"

"तू जाऊ नयेस असं तुझ्या आईला वाटत होतं."

"आणि तुम्हाला?"

दिनकररावांनी काच खाली केली.

"डावीकडून ट्रक येतोय," ते म्हणाले. "बघून चालव."

विक्रांतने बघून चालवली. ट्रक कुठेच नव्हता.

घरी पोहोचेपर्यंत बातमी आधीच पोहोचली होती. गेटवर गार्डने अभिनंदन केलं आणि रोव्हरच्या पासची मुदत संपल्याची आठवण करून दिली. वर रेवतीने दार उघडताच 'जीत गया का?' विचारलं. शिवांगीने पेढे आणले होते. विक्रांतने सोफ्यावर बसून, टीपॉयशेजारी उभ्या असलेल्या छोट्या रोव्हरच्या पाठीवर हात ठेवत, आपला रोव्हर खरोखरच एक दिवस परग्रहाच्या मातीवर, जिथे कोणा माणसाचं पाऊल पडलेलं नाही अशा जागी, पहिल्यांदा वाट काढील, असं काहीतरी म्हटलं. दिनकररावांनी पेढ्याकडे पाहिलं. डोक्यावरून एक विमान गेलं आणि त्यांनी मान वर केली नाही.

प्रभाताई हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी रोव्हरकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं.

"त्याच्या डोक्यातली ती प्रदक्षिणा पुसायची म्हणालास ना फोनवर?"

"सोमवारी पुसणार," विक्रांत म्हणाला. "का?"

"नाही, पुस. पुसायलाच हवी. फक्त उद्या रविवार आहे, तेवढा एक दिवस थांब." त्या नवऱ्याकडे वळल्या. "मी एकशे आठ बोलले होते, तो राहिला तर. माझे गुडघे बघताय, तुमचेही काही वेगळे नाहीत. सकाळी याला पिंपळाखाली सोडून या. आणि निघायच्या आधी पूर्ण चार्ज करा हं, मधेच बंद पडला तर पहिल्यापासून मोजायला लागतं."